तिवईचा दोष

हत्याराला दोष देण्याची खोड माणसाला फार जुनी आहे. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण इतरांविषयी मोठ्या आवडीने वापरतो. स्वतःवर वेळ आली, की अंगण खरोखरच वाकडे आहे असे आपल्याला मनापासून वाटू लागते. अशाच एका वाकड्या अंगणाची हकिकत आज वाचकांपुढे ठेवीत आहे. हे अंगण म्हणजे नऊशे रुपयांचा एक ट्रायपॉड, आपल्या भाषेत कॅमेऱ्याची तिवई.

काही वर्षांपूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो तेथे बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्यांची अवस्था केविलवाणी झाली होती. कागद पिवळा पडलेला, शाई फिकटलेली, कडा वाळवीने कुरतडलेल्या. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहाची नोंदवही ठेवण्याचे आणि बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता व धर्ममाता यांची नावे लिहून घेण्याचे बंधन धर्मगुरूंवर घातले. तेव्हापासून ही वही सांभाळणे हे आम्हा लोकांचे कर्तव्यच आहे. प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवावे असे मी ठरविले. कॅमेरा पुतण्याने दिलेला होता. तिवई मी मुंबईच्या बोरा बाजारातून आणली. दुकानदाराने अधिक किमतीच्या दोन-तीन दाखविल्या. पण आपल्याला काय करायचे आहे एवढ्या भारी वस्तूचे, असे म्हणून मी सर्वांत स्वस्त ती उचलली आणि आपल्या काटकसरीवर खूष होऊन परतलो.

तिवईची गरज कोठे पडते, हे सांगितले पाहिजे. उजेड कमी असेल तेथे कॅमेऱ्याला वेळ अधिक द्यावा लागतो. आणि वेळ अधिक द्यायचा असेल तेथे आधार स्थिर लागतो. १८३८ साली दागेर याने पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले. त्यासाठी कॅमेरा काही मिनिटे उघडा ठेवावा लागला. त्या चित्रात धावत्या गाड्या नाहीत, चालणारी माणसे नाहीत; रस्ता ओस पडल्यासारखा दिसतो. उमटला आहे तो बूट पुसून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला गृहस्थ. जे स्थिर राहिले तेवढेच दिसले. पण ते दिसावे म्हणून कॅमेऱ्याला त्याहूनही स्थिर राहावे लागले.

जुन्या कागदावर प्रखर प्रकाशाचा मारा नको, म्हणून मी खिडकीच्या उजेडातच काम केले. प्रत्येक चित्राला अर्धा-अर्धा सेकंद लागत होता. वही टेबलावर उघडी ठेवली, तिवईचे पाय शेवटच्या टप्प्यापर्यंत बाहेर काढले, मधला दांडाही पुरता वर ओढला, कॅमेऱ्याची मान खाली वळविली आणि बोटाने कळ दाबीत गेलो. तीन दुपारींत वही पुरी झाली. कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर सारी पाने स्वच्छ दिसत होती. मी समाधानाने वही कपाटात ठेवली.

त्या पावसाळ्यात कौले सरकली आणि पाणी नेमके त्या कपाटात उतरले. वहीची कितीतरी पाने एकमेकांना चिकटली, शाई पसरली. चित्रे काढून ठेवल्याचे मला केवढे समाधान वाटले! पुढे एक विधवा बाई वडिलांच्या नोंदीसाठी आल्या. घराण्याच्या जमिनीच्या कामात त्यांना ती तारीख हवी होती. मी संगणकावर ते पान मोठे केले, आणि अक्षरे दुहेरी झालेली दिसली. नाव कसेबसे लागले. पण आकडा तीनचा की आठचा, ते कोणालाही सांगता येईना. मागची-पुढची पाने पाहिली. बहुतेकांची तीच गत होती.

“तिवई हलकी निघाली,” मी माझ्याशीच पुटपुटलो. बाई म्हणाल्या, “असू द्या फादर. पावसापुढे तुम्ही तरी काय करणार?” आणि त्या निघून गेल्या. त्यांनी पावसाला दोष दिला, मी तिवईला. मला कोणीच दिला नाही.

लग्नसमारंभात फोटो काढणारा धर्मग्रामातला एक तरुण संध्याकाळी आला, तेव्हा मी ती तिवई त्याच्यापुढे आपटली. त्याने ती उघडून पाहिली आणि अगदी नम्रपणे विचारले, “फादर, हिचा मधला दांडा तुम्ही एवढा वर का काढलात?” मग त्याने मला समजावले. तीन पायांची वस्तू खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही. चार पायांचे स्टूल डुगडुगते. तेवढा गुण नऊशेच्या तिवईतही असतोच. तिचा दोष वेगळा. नळ्या बारीक, सांधे प्लास्टिकचे. बोट लागले की ती थरथरते आणि ती थरथर विरायला काही सेकंद लागतात. म्हणून तळचे बारीक टप्पे बाहेर काढू नयेत, मधला दांडा खालीच ठेवावा, त्याच्या कडीला वजनाची पिशवी अडकवावी, आणि कळ बोटाने न दाबता दहा सेकंदांच्या टायमरवर सोपवावी. कॅमेरा खाली वाकविला की त्याच्या भाराने तिची मान हळूहळू कलते; त्यापेक्षा वहीच उतरत्या वाचनपीठावर ठेवावी आणि कॅमेरा समोर सरळ धरावा.

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ असे आपण मुलांना शिकवितो. मी तर दुसऱ्याचेच पाय त्याच्या अंथरुणाबाहेर ओढले होते. तिवईने मला फसविले नव्हते. तिची एक मर्यादा होती; ती मी विचारली नाही. आपण माणसांशीही असेच वागत नाही काय? घरातली एखादी सोशिक सून, सर्वांची कामे अंगावर घेणारा एखादा अबोल भाऊ, दर रविवारी धर्मशिक्षण देणारी एखादी मुलगी यांना आपण शेवटच्या टप्प्यापर्यंत ताणतो. आणि ती थरथरली की म्हणतो, हिच्यात दम नाही. दुबळेपणा त्यांचा असेल, पण किती भार घालायचा हा निर्णय आपला असतो; आणि जेथे निर्णय असतो तेथेच जबाबदारी असते.

यावर कोणी विचारील, की मग भक्कम तिवई घेणेच योग्य नव्हते काय? हा प्रश्न मी टाळणार नाही. स्वतःच्या सुखसोयींत केलेली काटकसर हा सद्‌गुण आहे. परंतु दुसऱ्याचा ठेवा हाताळताना केलेली काटकसर नेहमीच सद्‌गुण ठरत नाही. पैसे वाचले ते माझे, नुकसान झाले त्या बाईंचे. तरीही माझा खरा अपराध स्वस्त वस्तू घेण्याचा नव्हता. गरिबाला स्वस्तच वस्तू परवडते, आणि जपून वापरली तर ती कामही चोख देते. संत थॉमस अक्वायनस यांनी सांगून ठेवले आहे, की जे जाणून घेणे आपले कर्तव्य आहे आणि जे जाणणे आपल्याला शक्यही आहे, त्याविषयीचे अज्ञान निर्दोष नसते. कॅमेऱ्यावरचे एक बटण दाबून मला पहिलेच चित्र मोठे करून पाहता आले असते. मी पाहिले नाही. कारण मला काम संपवायचे होते.

त्याहून मोठा अपराध त्यानंतरचा. त्या बाईंनी पावसाला दोष दिला तेव्हा मी गप्प बसलो. इतरांचे पापनिवेदन ऐकण्यात ज्याची तीस वर्षे गेली त्याला दोन वाक्ये बोलवली नाहीत. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो आणि सांगितले, “बाई, पावसाने वही भिजविली हे खरे, पण तुमच्या वडिलांची तारीख माझ्या हयगयीमुळे गेली.” त्या क्षणभर बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “उरलेली पाने तरी नीट काढा, फादर.” क्षमा केली असे त्या म्हणाल्या नाहीत, मीही ती मागितली नाही. त्यांनी मला काम दिले.

उरलेल्या वह्यांची चित्रे मी त्याच तिवईवर काढली; पाय आखूड, दांडा खाली, कडीला तांदळाची पिशवी. प्रत्येक पान मोठे करून पाहिले, मगच उलटले. तीन दुपारींच्या कामाला तीन आठवडे लागले. आकडे स्वच्छ उमटले आहेत. ते एक पान मात्र तसेच आहे. तेथे तीन आहे की आठ, हे आता कोणालाच कळणार नाही.