झाकलेले काम



पायी वारी करणाऱ्या प्रत्येक माउलीने हे पाहिलेले असते. रस्त्याच्या कडेने लांबच लांब चर खणलेला, बाजूला प्लॅस्टिकच्या नळीची मोठमोठी वेटोळी, आणि चरात खांद्यापर्यंत उतरलेली माणसे. चोपदार "कडेने चला, सांभाळून" म्हणतो आणि आपण अभंग न मोडता पुढे निघून जातो. पुन्हा त्या वाटेने आलो की चर बुजलेला असतो, वर हरळी आलेली असते. तिथे कोणी काही केले होते याची खूण म्हणून गुडघ्याएवढा एक दगड, त्यालाही कोणीतरी शेळी बांधलेली.

चाळीस वर्षे कीर्तनसेवा घडली. गळा बसला, गुडघे बोलू लागले, तेव्हा नारदाची गादी तरुणांकडे सोपवली आणि चाकुरात घरी बसलो. या चरांचा आणि माझा तसा संबंध नाही. पण माझ्या एका जुन्या टाळकऱ्याचा मुलगा याच कामात आहे. आयटीआय करून तो केबल टाकणाऱ्या टोळीत लागला, आधी चर खणला, मग नळ्या अंथरल्या, पुढे तारेचे सांधे जोडायला शिकला. त्याने एकदा मला एक प्रश्न विचारला. मी दिलेले उत्तर माझे मलाच आता पटत नाही. सप्ताहात हजारो लोकांपुढे बोललो त्यातले काय काय चुकले ते पांडुरंग जाणे, पण हे एक उत्तर मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

आधी ते काम काय असते ते सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांना ते ठाऊक नाही. मलाही नव्हते.

आमच्या लहानपणी 'तार आली' एवढे शब्द ऐकले तरी घरात रडारड सुरू व्हायची. वाचायच्या आधीच. ती तार जुलै २०१३मध्ये सरकारने बंद केली. पण तार म्हणून जी वस्तू असते ती काही संपली नाही, ती खांबावरून उतरून जमिनीखाली गेली आणि तांब्याची होती ती काचेची झाली. काचेचा तंतू मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढा जाड, म्हणजे केसासारखा. त्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून प्रकाश दूरवर नेता येईल, हे चार्ल्स काओ नावाच्या शास्त्रज्ञाने १९६६ साली मांडले, आणि त्याबद्दल २००९मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती या तंतूने जोडायचे केंद्र सरकारने २०११ साली ठरवले. त्यालाच पुढे भारतनेट नाव मिळाले. आपल्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर जी लोखंडी पेटी दिसते ती त्याचीच.

सांधा जोडताना मी त्याच्याजवळ बसून पाहिले आहे. हात धुऊन, कोरडे करून तो बसतो. तंतूवरचे आवरण सोलतो, स्पिरिटच्या बोळ्याने पुसतो, एका छोट्या यंत्रात टोक अगदी सरळ कापतो. मग दोन टोके समोरासमोर धरून यंत्र ठिणगी टाकते आणि काच वितळून एक होते. धुळीचा कण राहिला तर सांधा वाया. वारा असला की तो पाठीला चादर बांधून आडोसा करतो. तंतूंना रंग दिलेले असतात आणि रंगांचा क्रम ठरलेला आहे. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. हे तो पुटपुटत असतो. मी म्हटले, "काय रे, हरिपाठ म्हणतोस का?" तर हसला. "महाराज, हा क्रम चुकला की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या घरी जातं."

हा सांधा चांगला झाला की वाईट, ते तपासायला यंत्र आहे. तारेच्या एका टोकातून प्रकाश सोडायचा. वाटेत जिथे सांधा कच्चा असेल तिथून थोडा उजेड परत फिरतो, आणि किती मीटरवर काय बिघडले ते पडद्यावर दिसते. पंधरा-वीस किलोमीटर दूर मातीखाली काय आहे, ते या टोकाला बसून कळते. मला त्याचे फार कौतुक वाटले. माणसाच्या मनाला असे यंत्र लावता आले असते तर आम्हा कीर्तनकारांची पंचाईत झाली असती.

पण त्या यंत्राला एक गोष्ट कळत नाही. तार किती खोल पुरली आहे, ती.

नियम १६५ सेंटिमीटरचा आहे, म्हणजे सुमारे साडेपाच फूट. त्याला कारणे आहेत. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. कोणी पाइपलाइनला खणतो, कोणी गटार काढतो. खोल असलेली तार वाचते. खडक लागला तर कमी खोलीही चालते, मात्र मग नळीवर लोखंडी पाइप किंवा काँक्रीटचे कवच द्यावे लागते. आता आपल्याकडे वर काळी, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. तो फोडायला वेळ लागतो, डिझेल लागते, माणसे लागतात. आणि एकदा माती लोटली की तीन फूट काय अन् साडेपाच काय, वरून हरळी सारखीच उगवते.

सप्ताहाचे दिवस होते. कीर्तन आटोपून मी मंदिराच्या ओसरीवर बसलो होतो, हातात दुधाचा पेला. त्या दिवशीचे निरूपण कशावर होते ते मुद्दाम सांगतो. साक्षीवर. सर्व कर्मे करणारा वेगळा, पाहणारा वेगळा आणि पाहणारा कधी डोळा मिटत नाही, असे तास-दीड तास बोललो होतो. लोक डोलले होते.

तो येऊन पायाशी बसला. "महाराज, एक विचारू का?"

"विचार की."

"चर खडकात अडकलाय. दोनशे मीटरचा तुकडा हाय, तीन फुटाच्या खाली जाईना. वर काँक्रीट घालायचं तर सामान आलं नाही, अन् येणारबी नाही. मालक म्हणतात बुजव, अन् वहीत एकशे पासष्ट लिही. सही माझी हाय. काय करावं?"

मी दूध संपवले. म्हणालो, "अरे, पोटासाठी माणसाला करावं लागतं. तू काही चोरी करत नाहीस. तू नाही लिहिलंस तर दुसरा लिहील. नाम घेत जा, पांडुरंग सांभाळून घेतो."

त्याने पायावर डोके ठेवले. चेहरा मोकळा झालेला दिसला. मला वाटले, एका जिवाला समाधान दिले.

इथे एक गोष्ट लपवली तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. तो ठेकेदार कोण ते मला माहीत होते. त्या सप्ताहाच्या एका दिवसाचे अन्नदान त्याचे होते. त्याच दुपारी त्याने माझ्या गळ्यात हार घातला होता. माझ्या शब्दाला त्याच्याकडे मान होता. "बाबा रे, या पोराला खोटे लिहायला लावू नकोस, दोन दिवस थांब, सामान आण," एवढे मी बोललो असतो तर त्याने ऐकलेही असते, निदान विचार केला असता. मी बोललो नाही. ते ओझे मी खड्ड्यातल्या सगळ्यात खालच्या माणसाच्या डोक्यावर ठेवले आणि वर नाम ठेवले.

कीर्तनकाराला हे नवे नाही. आज सांगतो. कितीदा असे झाले आहे की चरण घेतला, अर्थ अर्ध्यावर आला आणि पुढे आठवेना, किंवा मुळात समजलेलाच नव्हता. मग काय करायचे? मृदंगमणीकडे पाहायचे, हात वर करायचे आणि विठ्ठलनामाचा गजर सुरू करायचा. टाळ चढतात, लोक उभे राहतात, अर्ध्या राहिलेल्या अर्थाकडे कोणाचे लक्ष राहत नाही. उलट "आज महाराज रंगले" म्हणतात. म्हणजे मीही माती लोटतच होतो. फरक एवढाच की माझी माती तुळशीखालची होती.

चोखोबांचे चरित्र मी शेकडो वेळा सांगितले. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालले होते, बिगारीला चोखोबा होते, भिंत कोसळली आणि मजुरांसह ते गाडले गेले. शके १२६०, म्हणजे १३३८ साल सांगतात. नामदेवराय तिथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या, पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. अस्थींचा प्रसंग आला की श्रोत्यांच्या डोळ्यांना धारा लागतात. माझ्याही लागत. पण ती भिंत का पडली, हे इतक्या वर्षांत मी एकदाही विचारले नाही. पाया कच्चा होता का? घाई केली होती का? कोणी कोणाला सांगितले होते का, की चालते, लाव दगड? परंपरेने ते जपून ठेवलेले नाही, तेव्हा मी ठरवून सांगणार नाही. पण चोखोबांसोबत जी बाकीची माणसे त्या ढिगाऱ्यात होती, त्यांच्या अस्थी ओळखायला कोणी आले नाही, एवढे तरी खरे.

आणि आपल्या लातूरकरांना भिंतीचे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. किल्लारीकडच्या त्या भिंती दोन-दोन हात जाड, बाहेरून चिरेबंदी दिसणाऱ्या. आत दोन थरांच्या मध्ये नुसती माती आणि कपच्या, दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत. हजारो माणसे त्याखाली गेली. त्या बांधणाऱ्यांना मी दोष देत नाही, पिढ्यान्‌पिढ्या तसेच बांधत आले होते, त्यांना ठाऊक नव्हते. आमच्या या पोराला ठाऊक होते. मला त्याने सांगितले, म्हणून मलाही ठाऊक झाले होते.

पुढच्या पावसाळ्यात एक दिवस आसपासच्या गावांचे फोन बंद पडले. मोबाइलचा टॉवर उंच दिसतो, पण त्याचेही पोट बहुधा जमिनीखालच्या तारेवर भरते. रेशन दुकानात अंगठा लागेना. एक म्हातारी दोन दिवस पिशवी घेऊन आली आणि परत गेली. पुण्याला कामाला असलेल्या मुलांच्या आया दारात फोन हलवत उभ्या. माझ्या पोटात गोळा आला. त्याला बोलावून विचारले, "तुझा तो तुकडा का रे?"

"नाही महाराज. पुलाच्या कामाला दहा फूट खणलं, तिथं जेसीबीनं तोडली. तिथं तर खोली बरोबर होती." थोडे थांबून म्हणाला, "आपला तुकडा अजून शाबूत हाय."

मला हायसे वाटले. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या हायसे वाटण्याचीच लाज वाटू लागली. खोल पुरलेली तार तुटली आणि उथळ पुरलेली टिकली. म्हणजे मी बरोबर होतो का? तुटली असती तर मी चुकलो असतो आणि तुटली नाही म्हणून सुटलो, असे असेल तर पापपुण्याचा निवाडा जेसीबीच्या दातांवर गेला. फळावर दृष्टी ठेवू नये हे आम्ही गीतेच्या नावाने सांगतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की चांगले करून मोबदला मागू नये, एवढाच त्याचा अर्थ. पण फळ आडवे आले नाही म्हणून वाईट केलेले चांगले होत नाही, हेही त्याच वचनात येते. ती दुसरी बाजू माझ्या निरूपणात कधी आली नाही. ऐकायला ती गोड नाही.

कोणी म्हणेल, गरिबाला एवढे धारेवर का धरता? मी त्याला धरत नाही. ज्याने सामान पाठवले नाही त्याचा वाटा मोठा, आणि माझा त्याच्या लगेच खाली. पोराचा सगळ्यात कमी. पण कमी असला तरी त्याला तो वाटा हवा होता, म्हणून तर तो विचारायला आला होता. मी तो त्याच्या हातून काढून घेतला. माणसाला अपराधातून सोडवताना आपण त्याला त्याच्या कामातूनही सोडवतो, हे मला त्या दिवशी समजले नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो मोटारसायकल घेऊन दारात आला. "महाराज, चला." कुठे ते सांगितले नाही. अहमदपूरच्या दिशेने थोडे जाऊन आत वळलो. त्या तुकड्यावरून एका शेतकऱ्याची पाइपलाइन आडवी जायची होती. यंत्र येऊन उभे होते. माझ्या लक्षात आले की तो आधीच येऊन शेतकऱ्याशी बोलून गेला होता. इथे तीन फुटांवर तार आहे, हाताने खणा, मी येतो. खिशातून त्याने एक लहान वही काढली. ठेकेदाराच्या वहीत एकशे पासष्ट होते. या वहीत, कोणत्या दगडापासून किती पावलांवर खरी खोली किती, ते सगळे त्याच्या अक्षरात होते. फक्त तो तुकडा नव्हे. पाने भरली होती.

टिकाव-फावड्याने खणता खणता नळी दिसली. त्याने हाताने माती बाजूला केली, लेकराच्या अंगावरची करावी तशी. सोबत आणलेला लोखंडी पाइप, उभा चिरलेला, नळीवर पालथा घातला. पैसे कोणाचे, असे मी विचारले नाही. मग म्हणाला, "एवढाच झाला. बाकी एकशे नव्वद मीटर राहिलं."

ठेकेदाराचे घर चाकुरातच आहे. परत येताना मी म्हटले, "गाडी त्याच्या दारावरून घे."

तो म्हणाला, "महाराज, मला कामावरून काढतील."

"तू दाराबाहेर थांब," मी म्हटले. "आत मी एकटा जातो."