दोन श्लोकांत न आवरलेलं रडू



आजचं वाचन : गीता, अध्याय दुसरा, श्लोक १ ते १०.

अर्जुन खचलाय, डोळे भरून आलेत. भगवंत आधी त्याला चक्क झापतात. हा दुबळेपणा तुला शोभत नाही, ऊठ! पण एवढ्याने अर्जुन उठत नाही. तो मनातलं सगळं बोलतो, ‘मी तुझा शिष्य, मला सांग’ असं विनवतो, लढणार नाही म्हणतो आणि गप्प बसतो. खरा उपदेश त्यानंतर सुरू होतो.

हे वाचताना मला रोमियो डॅलेअर आठवले. हे कॅनडाचे जनरल १९९४ मध्ये रवांडात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख होते. लपवलेल्या शस्त्रसाठ्यावर छापा टाकतो, असं त्यांनी जानेवारीतच न्यूयॉर्कला कळवलं होतं. परवानगी मिळाली नाही. एप्रिलमध्ये नरसंहार सुरू झाला. त्यांचे १० बेल्जियन सैनिक मारले गेले. सुरक्षा परिषदेने फौज वाढवायची सोडून २७० वर आणायचा ठराव केला. तरी डॅलेअर थांबले, जमेल तेवढ्यांना वाचवत राहिले. पण सुमारे १०० दिवसांत ८ लाखांच्या आसपास माणसं गेली.

मनावरच्या या आघातामुळे २००० मध्ये त्यांना सैन्य सोडावं लागलं. त्याच वर्षी ते एका बागेत बाकाखाली बेशुद्ध सापडले.

अशा माणसाला आपण काय सांगू? बहुतेक ४७ वा श्लोक : कर्म तुझं, फळ तुझ्या हातात नाही. मीही तो मित्रांना फॉरवर्ड केलाय. पण डॅलेअरना तर कर्मच करू दिलं नव्हतं! हातात बंदूक, गोळी चालवायची मुभा नाही, आणि समोर माणसं मरताहेत. शांतिसैनिकाच्या मनाला होणारी ही जखम वेगळीच. त्यात ‘मी काहीच का केलं नाही?’ हा प्रश्न झोपू देत नाही. त्याला आसक्ती म्हणायचं का? मला तर ती करुणा वाटते.

श्लोक खराच आहे. घाई आपल्याला असते. भगवंतांनी तो सांगितला तेव्हा अर्जुनाचं बोलून झालं होतं आणि त्याने स्वतः मार्ग विचारला होता. डॅलेअर पुढे उपचार घेत राहिले, २००३ मध्ये पुस्तक लिहिलं, आपल्या आजाराबद्दल उघडपणे बोलले. बोलता येणं हीसुद्धा हिंमतच.

आजची साधना : ज्याला आपण ‘स्ट्राँग राहा’ म्हणून मोकळे झालो, त्याला आज फोन करूया. श्लोक नंतर. आधी फक्त ऐकूया.

राम कृष्ण हरी.