तरुणांची कैफियत आणि कौन्सिलचे अंदाजपत्रक

इंग्लंडमधील एखाद्या कौन्सिलला आपली युवक-केंद्रे बंद करावयाची असतात तेव्हा ती एकाएकी दाराला कुलूप लावीत नाही. प्रथम एक मसुदा प्रसिद्ध होतो, त्याच्यासोबत प्रश्नावली निघते, वाचनालयाच्या दालनात एकदोन बैठका भरतात, मुदत संपते, आलेल्या मतांचा गोषवारा समितीपुढे ठेवला जातो, आणि पुष्कळदा मसुद्यात जे होते तेच ठरावाच्या रूपाने मंजूर होते. लोकशाहीवर श्रद्धा असणाऱ्याने या विधीची हेटाळणी करू नये, कारण न विचारता चालविलेल्या कारभारापेक्षा विचारून चालविलेला कारभार केव्हाही श्रेयस्कर असतो. परंतु युवक-सेवेचे स्वरूपच असे आहे की, ती मोडण्याची तजवीज आधी करून मग तिच्याविषयी तरुणांचे मत मागणे म्हणजे त्यांची वाचा काढून घेऊन त्यांना साक्षीला उभे करणे होय.

या सेवेची पूर्वपीठिका ध्यानात घेतली पाहिजे. महायुद्ध सुरू झाल्यावर, १९३९ च्या नोव्हेंबरात, शिक्षणखात्याने काढलेल्या परिपत्रकाने स्थानिक शिक्षण-अधिकाऱ्यांवर युवककल्याणाची जबाबदारी टाकली. पण तिला खरे बळ मिळाले ते लेडी अल्बेमार्ल यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९६० मधील अहवालाने. सक्तीची लष्करी सेवा संपुष्टात येत होती, युद्धानंतरच्या जननवाढीतील मुले किशोरवयात पदार्पण करीत होती, आणि शाळा सोडून कारखान्यात किंवा दुकानात शिरलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे समाजाशी नाते कोणत्या मार्गाने जडावे, हा प्रश्न राज्यकर्त्यांना अस्वस्थ करीत होता. समितीने साहचर्य, प्रशिक्षण आणि आव्हान अशी तीन उद्दिष्टे सांगितली. सरकारने शिफारशी स्वीकारल्या, केंद्रांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि युवक-कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी लेस्टर येथे महाविद्यालय निघाले.

या युवक-कार्यकर्त्याचे, ज्याला तेथे ‘यूथ वर्कर’ म्हणतात त्याचे, काम बाहेरून पाहणाऱ्याला फार किरकोळ वाटते. शिक्षकापुढे मुलाला बसावेच लागते, पोलिसाने अडविले तर थांबावेच लागते. यूथ वर्करकडे मात्र मूल आपल्या खुशीने येते आणि वाटेल तेव्हा उठून जाऊ शकते. त्यामुळे त्याचा अधिकार केवळ विश्वासाचा असतो. संध्याकाळी टेबल-टेनिसच्या टेबलाभोवती, चहाच्या ओट्यापाशी, महिनोन्‌महिने निरर्थक भासणाऱ्या गप्पा चालतात, आणि मग एखाद्या दिवशी एखादी मुलगी घरातल्या ज्या गोष्टीविषयी कोणाजवळ अवाक्षर काढीत नव्हती ती सांगू लागते. केंद्राच्या सभासद-समितीत वर्गणी किती असावी, सहल कोठे न्यावी, भांडखोर मुलाला परत घ्यावे की नाही, अशा प्रश्नांवर ही मुले वाद घालतात, विरुद्ध मत ऐकून घेतात आणि बहुमताचा निर्णय पाळतात. ज्या घरात वडीलधाऱ्यांना अर्ज लिहिण्याची वा सभेत उठून बोलण्याची सवय नाही, तेथील मुलाला सार्वजनिक प्रश्नावर आपले म्हणणे मांडण्याचा सराव दुसरीकडे क्वचितच मिळतो. सल्लामसलतीत ज्याची अपेक्षा असते तेच सामर्थ्य येथे घडते, आणि बंद होणाऱ्या केंद्राबरोबर ते घडविणारी जागाही जाते.

२०१० नंतर केंद्र सरकारची अनुदाने आटली. वायएमसीएच्या पाहणीप्रमाणे इंग्लंड आणि वेल्समधील युवक-सेवांवरील स्थानिक खर्च २०१०-११ मधील सुमारे १.४ अब्ज पौंडांवरून २०१८-१९ पर्यंत ४३ कोटी पौंडांच्याही खाली आला. महागाई जमेस धरता ही घट सत्तर टक्क्यांची आहे. कात्री नेमकी येथेच का लागली, याचे कारण कायद्याच्या भाषेत सापडते. वृद्धांची शुश्रूषा किंवा संकटातील बालकांचे संरक्षण ही कौन्सिलची कठोर कर्तव्ये आहेत. १९९६ च्या शिक्षण कायद्यातील ५०७-ब हे कलम मात्र तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी पुरेशी सोय करण्याचे बंधन ‘व्यवहार्य असेल तेथवर’ या मर्यादेनेच घालते. त्याच कलमात तरुणांची मते जाणून घेऊन विचारात घेण्याचाही हुकूम आहे. यांतील बहुतेकांना मताधिकार नसल्यामुळे कौन्सिलरला जाब विचारण्याचा त्यांचा हाच एक हक्काचा मार्ग उरतो.

न्यायालयांनी हा मार्ग जपण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आहे. ब्रेंटमधील शाळांसंबंधीच्या १९८५ च्या गनिंग खटल्यात स्टीफन सेडली यांनी मांडलेली चार तत्त्वे मान्य झाली: निर्णय घडत असतानाच विचारावे, कारणे पुरेशी द्यावीत, उत्तरास अवधी द्यावा, आणि आलेल्या उत्तराचा मनःपूर्वक विचार करावा. २०१४ मध्ये हॅरिंगेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, कौन्सिलने जे पर्याय नाकारले त्यांचीही कल्पना लोकांना द्यावयास हवी होती. तथापि नॉर्थ सॉमरसेटमधील युवक-सेवेच्या कपातीविरुद्ध एक तरुण अपील न्यायालयात गेला, तेव्हा कौन्सिलने कायदा पाळला नाही असा निष्कर्ष २०१३ मध्ये निघूनही, ज्या वर्षाचे अंदाजपत्रक होते ते केव्हाच उलटून गेल्याने झालेली कपात रद्द होऊ शकली नाही. सोळाव्या वर्षी केंद्र गमावलेल्या मुलाला अठराव्या वर्षी मिळालेला न्याय त्याच्या उपयोगाचा नसतो.

विकास आराखड्यावर हरकती व सूचना नोंदविलेल्या महाराष्ट्रीय वाचकाला हा अनुभव अपरिचित वाटणार नाही. कागद दप्तरदाखल होतो आणि लिहिणाराच्या मनात संशय राहतो. पण आराखड्यावर हरकत घेणारा प्रौढ नागरिक पुढच्या वेळी पुन्हा हरकत घेऊ शकतो. प्रश्नावलीतल्या ‘तीनपैकी कोणते केंद्र बंद करावे?’ या प्रश्नापुढे बसविलेल्या मुलीला मात्र असे शिकविले जाते की, मत देणे म्हणजे कोणाच्या वाट्याला नुकसान यावे ते सांगणे. आणि हा पहिला धडा पुसून काढणे पुढे कोणत्याही शिक्षकाला जड जाईल.

पैसा खरोखरच अपुरा असेल, तर कौन्सिलने तसे स्पष्ट सांगावे. त्यात कमीपणा नाही, आणि मुलांना आकडे समजत नाहीत ही समजूत निराधार आहे. पण विचारणा अंदाजपत्रकाच्या आधी व्हावी, जमाखर्च पुढे ठेवून व्हावी, आणि ज्यांच्याजवळ मुले बोलतात त्या कार्यकर्त्यांच्या मध्यस्थीने, केंद्रात येणाऱ्या आणि न येणाऱ्या अशा दोहोंशी व्हावी. संध्याकाळच्या बसचे भाडे परवडत नाही म्हणून जो येतच नाही त्याचे म्हणणे कोणत्याही प्रश्नावलीत उमटत नाही. ही विचारणा पुरी होईपर्यंत कोणत्याही कार्यकर्त्याची नेमणूक रद्द करू नये. आणि निर्णयानंतर मसुद्यातील कोणते कलम कोणाच्या सांगण्याने बदलले आणि बाकीची का बदलली नाहीत, हे कौन्सिलरांनी त्या केंद्रात स्वतः येऊन, त्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देत सांगावे.