नेमबाज मुली कुठून येतात?

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रोन, म्हणजे झोपून नेम धरायच्या, प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं. ६०० पैकी ५९७ गुण, म्हणजे तेव्हाच्या जागतिक विक्रमाची बरोबरी. नेमबाजीत जगज्जेती झालेली ती पहिली भारतीय स्त्री. आठ वर्षांनी तिच्याच गावच्या राही सरनोबतने आशियाई क्रीडा स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूलचं सुवर्णपदक जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारीही ती पहिलीच भारतीय स्त्री. अशा वेळी आमच्याकडे सोलापुरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : कोल्हापूरची मातीच रांगडी, तिथल्या पाण्यातच ते आहे! कौतुक म्हणून ठीक आहे. पण त्या वाक्याचा मला राग येतो, कारण ते एकदा उच्चारलं की सोलापूरच्या, लातूरच्या, बीडच्या माणसाला हात झटकून मोकळं होता येतं. माती कुणाच्या हातात नसते. शाळा, जागा, वेळ आणि घरची परवानगी या गोष्टी मात्र माणसांच्याच हातात असतात, आणि नेमबाज मुली त्यातूनच घडतात.

इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला तर हे चटकन पटतं. आपल्या देशात खेळाची बंदूक मुलींच्या हाती आली ती आधी राजवाड्यांत. बिकानेरचे महाराजा करणीसिंह स्वतः ऑलिंपिक खेळलेले नेमबाज. त्यांची मुलगी राज्यश्रीकुमारी हिला १९६८ साली अर्जुन पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी कोट्याच्या राजघराण्यातल्या भुवनेश्वरीकुमारीला. घरात शिकारीची परंपरा, बंदुका घरच्या, काडतुसांचा हिशेब विचारणारं कुणी नाही. तिथे मुलीने नेम धरला तर ते शौर्य ठरे. सामान्य घरातल्या मुलीला ही वाट नव्हतीच.

ती वाट उघडली एनसीसीने. १९४९ साली एनसीसीचा मुलींचा विभाग सुरू झाला आणि खाकी गणवेशातल्या कॉलेजकन्येला शिबिरात पॉइंट टू-टू रायफल हाताळायला मिळू लागली. अंजली वेदपाठक, म्हणजे पुढची अंजली भागवत, याच वाटेने आली. मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसी, मग वरळीची रेंज आणि संजय चक्रवर्तींसारखे गुरू. २००० साली सिडनीत तिने दहा मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. २००२ साली म्युनिकमध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेची 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' स्पर्धा तिने जिंकली, आणि त्या स्पर्धेत एअर रायफल घेऊन स्त्रिया आणि पुरुष एकत्र उतरले होते. आपल्या क्रीडापानांनी अंजलीच्या पदकांची नोंद केली, पण या एका गोष्टीवर थांबून विचार फारसा केला नाही. मराठी मध्यमवर्गातली मुलगी जगातल्या उत्तम पुरुष नेमबाजांसह एकाच ओळीत उभी राहिली आणि पहिली आली.

बळाचा प्रश्न इथे फार थोडा असतो, हे हा खेळ जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. दहा मीटर एअर रायफलचं लक्ष्य तळहातावर मावेल एवढं असतं, व्यास साडेपंचेचाळीस मिलिमीटर. त्याच्या मध्यभागी दहा गुणांचा ठिपका असतो तो अर्ध्या मिलिमीटरचा. सुईच्या टोकाने कागदावर खूण करावी तेवढा. छरा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊ पट. छऱ्याची कड ठिपक्याला लागली तरच दहा गुण. हे एकदा नव्हे, साठ वेळा करायचं, सव्वा तासाच्या आत. अंगात कॅनव्हास आणि चामड्याचं ताठ जॅकेट, हातात पाच किलोच्या आसपासची रायफल, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवलेलं, जेणेकरून रायफलचा भार स्नायूंवर न येता हाडांवर यावा. श्वास अर्धा सोडून थांबायचं. चापावर बोट आहे, पण तो ओढायचा नाही, दाब वाढवत न्यायचा. नेम हलला तर रायफल खाली घ्यायची आणि पुन्हा सुरुवात करायची. चांगल्या नेमबाजाची खरी ओळख तिने न मारलेल्या गोळ्यांत असते. मनाला न पटलेली गोळी न मारण्याचा संयम कमवायला वर्षं लागतात, आणि हा संयम पुरुषाच्या दंडात जास्त असतो असं कुणी अजून दाखवून दिलेलं नाही.

मग स्त्री-पुरुषांच्या स्पर्धा वेगळ्या का? याचा इतिहास मला अस्वस्थ करतो. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रायफलची थ्री पोझिशन स्पर्धा सर्वांना खुली होती. अमेरिकेची मार्गारेट मर्डॉक आणि तिचाच सहकारी लॅनी बॅशम यांचे गुण सारखे झाले. नियमाच्या हिशेबाने सुवर्ण बॅशमला गेलं. राष्ट्रगीताच्या वेळी त्याने मर्डॉकला वरच्या पायरीवर आपल्या शेजारी घेतलं. १९९२ साली बार्सिलोनात चीनच्या झांग शानने उडत्या तबकड्या फोडायच्या खुल्या स्कीट स्पर्धेत सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्ण जिंकलं. प्राथमिक फेरीत तिने २००पैकी २०० तबकड्या फोडल्या होत्या. चार वर्षांनी अटलांटात ती आपलं पदक राखायला उतरूच शकली नाही, कारण स्कीट फक्त पुरुषांसाठी उरली होती. स्त्रियांची स्वतंत्र स्कीट आली ती २००० साली. जिथे वेगळ्या स्पर्धा आल्या तिथेही २०१७पर्यंत एअर रायफलमध्ये पुरुषांना साठ गोळ्या आणि स्त्रियांना चाळीस. चाळीस का, याचं पटण्याजोगं कारण मला कुठे सापडलं नाही. २०१८पासून दोघांनाही साठ झाल्या आणि काही बिघडलं नाही.

स्वतंत्र स्पर्धांचा फायदाही झाला, हे मान्य केलं पाहिजे. १९८४पासून ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या पदकांची जागा निश्चित झाली, म्हणून देशोदेशींच्या संघटनांनी मुलींवर पैसा खर्च केला. अंजली, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे ही पिढी त्याशिवाय उभी राहिली नसती. पण संरक्षण म्हणून घातलेलं कुंपण पुढे कमी कुवतीचा पुरावा म्हणून दाखवलं जातं, तेव्हा विरोध करायला हवा.

सोलापुरात तर बाईच्या हाताच्या स्थिरतेबद्दल शंका घ्यायला कुणाला तोंडच नाही. या शहराच्या पूर्व भागात घरोघर बायका विड्या वळतात. पत्र्याच्या मापाने पान कातरायचं, तंबाखू भरायची, बोटांच्या एका फिरकीत वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. पूर्वी याच शहरात गिरण्या होत्या, आजही चादरी-टॉवेलचे माग आहेत, आणि तिथेही बारीक नजरेचं काम बायकांनी केलं आहे. त्या कष्टांना मी खेळाचा गोड मुलामा देणार नाही. विडीने बोटं झिजतात, फुप्फुसं खराब होतात. माझं म्हणणं इतकंच की बायकांच्या बोटांमधली अचूकता या शहराने पिढ्यान् पिढ्या कामाला लावली, मजुरी कमीत कमी देऊन. तीच अचूकता मुलीच्या स्वतःच्या आनंदासाठी, तिच्या नावासाठी वापरली जावी, अशी सोय मात्र फारशी केली नाही.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर फुगे फोडायचे स्टॉल लागतात. तिथे थोडा वेळ उभं राहून पाहावं. बाप मुलाला पुढे करतो, छऱ्याची बंदूक त्याच्या खांद्याला लावून देतो, नेम चुकला तरी आणखी पाच छरे घेऊन देतो. बहीण बाजूला उभी, हातात भावाची पिपाणी. तिला कुणी नको म्हणालेलं नसतं. विचारलेलंच नसतं. तेजस्विनी आणि या मुलीमधलं अंतर तिथून सुरू होतं.

घरच्यांचं दुसरं न विचारणं लग्नाच्या वयात येतं. आपल्याकडे मुलीचा खेळ म्हणजे बारावीपर्यंतची हौस, फार तर पदवीपर्यंतची. पुढे स्थळं बघायची असतात. नेमबाजी मात्र उशिरा पिकणारी विद्या आहे. तेजस्विनी जगज्जेती झाली तेव्हा तिशीला टेकली होती. ती जिच्यात जगज्जेती झाली ती प्रोन स्पर्धा स्त्रियांसाठी ऑलिंपिकमध्ये नाहीच, म्हणून झोपून, गुडघ्यावर आणि उभं राहून अशा तिन्ही स्थितींच्या थ्री पोझिशन प्रकारावर तिने भर दिला, २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यात सुवर्ण मिळवलं आणि आयुष्यातलं पहिलं ऑलिंपिक टोकियोत खेळली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. राही २०१२ साली लंडनला जाऊन आली होती, २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय ठरली होती. मग कोपर दुखावलं आणि मोठा खंड पडला. परत उभी राहिली ती मुंखबायर दोर्जसुरेन या दोनदा जगज्जेत्या झालेल्या प्रशिक्षिकेच्या हाताखाली. आशियाई स्पर्धेच्या पालेमबंगमधल्या त्या अंतिम फेरीत थायलंडच्या खेळाडूशी ३४-३४ अशी बरोबरी झाली. बरोबरी सोडवायची पहिली फेरीही सारखीच सुटली, दुसरीत राही जिंकली. पंचवीस मीटरच्या या प्रकारातल्या जलद फेरीत हात खालून वर आणून गोळी मारायला फक्त तीन सेकंद मिळतात. ऐन विशीत हात दुखावलेल्या किती मुलींना आपल्या घरांतून असा खंड आणि अशी परतफेरी मिळेल? 'झालं तेवढं पुरे' हे वाक्य आपण मायेने बोलतो, म्हणूनच ते मोडून काढायला कठीण जातं.

तर मग कोल्हापुरात काय आहे? तिथे एक साखळी आहे. शाळेत एनसीसी आहे. गावात दुधाळीची रेंज आहे. जयसिंग कुसाळेंसारखे तालीम देणारे प्रशिक्षक होते. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट, आपल्याच शाळेतली ताई, तेजस्विनी, २००६ साली मेलबर्नहून राष्ट्रकुलची सुवर्णपदकं घेऊन आलेली राहीने पाहिली. टीव्हीवरची नव्हे, आपल्या बाकावर बसून गेलेली. नंतर सरकारी नोकरी मिळाली, राही उपजिल्हाधिकारी झाली, तेव्हा 'यातून पोट भरेल का' या बापाच्या प्रश्नालाही उत्तर मिळालं. यातली एकही कडी मातीत उगवलेली नाही. प्रत्येक कडी कुणीतरी बसून घडवलेली आहे.

ही साखळी पुढे पुरुषांनाही पोचते, याचा पुरावा पॅरिसमध्ये मिळाला. २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेने रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या कुस्तीतल्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये जिंकलेलं हे दुसरं वैयक्तिक पदक, बहात्तर वर्षांनी आलेलं. त्याची प्रशिक्षक दीपाली देशपांडे, अथेन्स ऑलिंपिक खेळलेली. पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या अवनी लेखराला घडवणारी सुमा शिरूरही त्याच अथेन्सच्या संघातली. एनसीसीच्या शिबिरात, वरळीच्या रेंजवर एका पिढीच्या मुलींवर जे कष्ट घेतले गेले त्याचं व्याज आज देशाला मिळतं आहे.

बंदूक म्हटलं की काही पालक दचकतात, तेही समजण्याजोगं आहे. आणि काही संयोजक उलट टोकाला जाऊन 'मुलींनो, स्वसंरक्षणासाठी नेमबाजी शिका' अशी जाहिरात करतात. वर्तमानपत्रं प्रत्येक विजेतीला रणरागिणी करून सोडतात. दोन्हींत खेळ हरवतो. रेंजवर पहिला धडा असतो तो सुरक्षेचा. नळी कायम लक्ष्याच्या दिशेने, हुकूम झाल्याशिवाय छरा भरायचा नाही, आणि रायफल रिकामी आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून तिच्यात रंगीत दोरी घालून ठेवायची. इतकी शिस्त आपल्या रस्त्यावरच्या कुठल्याही वाहनचालकाला शिकवली जात नाही. मुलगी तिथे कुणाशी लढत नसते. ती स्वतःच्या श्वासाशी, घाईशी, मागच्या चुकलेल्या गोळीच्या आठवणीशी झगडत असते.

पैशाचा प्रश्न खरा आहे. परदेशी रायफल काही लाखांत जाते, जॅकेट-पँट-बूट वेगळे. म्हणूनच पहिली रायफल मुलीच्या बापाने घ्यायची नसते, शाळेने घ्यायची असते, आणि ती दहा मुलींनी आळीपाळीने वापरायची असते. जागेचं म्हणाल तर दहा मीटरची एअर रायफल रेंज शाळेच्या सभागृहात बसते. मागे पक्की भिंत हवी, उजेड हवा, दार बंद करून कुलूप लावायची सोय हवी. या रायफलला शस्त्रपरवानाही लागत नाही. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या शिक्षणसंस्था आहेत, जुन्या नामवंत शाळा आहेत, एनसीसीची पथकं आहेत, बालेवाडीच्या रेंजवर जायला पुण्याची गाडी रोज आहे. ज्या शाळेत वार्षिक संमेलनाच्या मंडपावर लाखभर रुपये खर्च होतात, त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे : येत्या जूनमध्ये एक वर्ग रिकामा करा, दोन रायफली घ्या, एनसीसीतून निवृत्त झालेला एखादा प्रशिक्षक शोधा, आणि पहिल्या तुकडीत मुलींची नावं आधी लिहा.