दिरहमचा पगार आणि रुपयाचा भाव

१९५९ साली रिझर्व्ह बँकेने काही नोटा केवळ परदेशासाठी छापल्या. त्यांची ठेवण भारतातल्या नोटांसारखीच होती, पण दहाची नोट तांबडी, शंभराची हिरवी आणि क्रमांकाआधी इंग्रजी ‘झेड’ अक्षर. भारतातल्या बाजारात त्या चालत नसत. कुवेत, बहारीन, कतार, ओमान आणि पुढे संयुक्त अरब अमिराती म्हणून एकत्र आलेली संस्थाने, या साऱ्या पट्ट्यात मात्र तेव्हा रुपया हेच रोजच्या व्यवहाराचे चलन होते. हा ‘गल्फ रुपी’. मुंबईहून आखातात गेलेल्या कारकुनाचा आणि खलाशाचा पगार रुपयातच होई. घरी पाठवताना भावाचा प्रश्नच नव्हता.

वेगळी नोट काढावी लागली ती सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे हा तेव्हाचा सरकारी दर. आंतरराष्ट्रीय भावाने १० ग्रॅम सोने सुमारे ५४ रुपयांना पडे. मुंबईत त्याला जवळजवळ दुप्पट किंमत मिळे. रुपयांचे गठ्ठे गलबतांतून आखातात जात आणि तिथून सोने कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावर उतरे. आखातातल्या बँका ते रुपये भारताकडे परत करून बदल्यात पौंड घेत. आधीच तुटपुंजी असलेली परकीय गंगाजळी या वाटेने आटत होती. आखाताचा रुपया वेगळा केल्यावर ही वाट बंद झाली.

व्यवस्था फार टिकली नाही. तेलाचा पैसा हाती आल्यावर कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार काढला. भाव होता १३ रुपये ३३ पैशांना एक. १९६५ मध्ये बहारीनने दहा रुपयांचा दिनार केला. ६ जून १९६६ रोजी भारताने अवमूल्यन केले आणि डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. आखाताच्या रुपयाचीही तीच गत झाली. महिना ३०० रुपये मिळवणाऱ्याची कमाई आदल्या दिवशी ६३ डॉलर होती, ती ४० डॉलर झाली. दिल्लीतल्या निर्णयाने दुबईतला खिसा हलका होतो, हे तिथल्या राज्यकर्त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते. कतार आणि दुबईने त्याच वर्षी आपला रियाल आणला; त्याची किंमत ठेवली अवमूल्यनापूर्वीच्या रुपयाएवढी. १९७३ मध्ये अमिरातींचा दिरहम आला तो या रियालच्या जागी, एकास एक. ओमानने रुपया सोडला १९७० मध्ये.

म्हणजे दिरहम हा १९६६ पूर्वीचा आपलाच रुपया आहे. त्या एका रुपयासाठी २०२४ मध्ये सुमारे पावणेतेवीस रुपये मोजावे लागत होते. दोन देशांच्या साठ वर्षांच्या अर्थकारणाचा इतका नेमका हिशेब दुसऱ्या एखाद्या आकड्यात क्वचितच सापडेल.

१९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव चौपट झाले आणि आखातात बांधकामाची लाट आली. केरळप्रमाणेच रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून आणि गोव्यातून माणसे निघाली. १९८० च्या सुमारास दिरहमला दोन रुपयांच्या थोडे वर मिळत. तेव्हा कमाईचे खरे बळ भावात नव्हते, पगारात होते. गावातल्या मजुरीच्या कित्येक पट रक्कम तिकडे मिळत होती.

१९९० मध्ये या कमाईचा आधारच निखळला. इराकने कुवेत व्यापल्यावर कुवेती दिनार इराकी दिनाराच्या बरोबरीचा ठरवून टाकला. आदल्या महिन्यात तीन डॉलरहून अधिक मोल असलेले चलन खुल्या बाजारात कवडीमोल असलेल्या चलनाच्या पंक्तीला बसवले गेले. दीड लाखाहून अधिक भारतीय परतले, बहुतेक अम्मानमार्गे मुंबईला. मुक्ततेनंतर मार्च १९९१ मध्ये कुवेतने नव्या नोटा काढल्या. त्याच वर्षी जुलैत भारताने दोन टप्प्यांत रुपया सुमारे अठरा-एकोणीस टक्क्यांनी खाली आणला आणि पावणेसहाच्या आसपासचा दिरहम सात रुपयांवर गेला. १९९३ मध्ये दर बाजारावर सोपवल्यावर सरकारी आणि हवाल्याच्या भावातले अंतर घटले. बँकेने पैसे पाठवणे शहाणपणाचे ठरू लागले.

दिरहम डॉलरला बांधलेला आहे, १९९७ पासून ३.६७२५ या दराने. त्यामुळे रुपया घसरला की दुबईतल्या मनी एक्स्चेंजपुढे रांगा लागतात आणि वर्तमानपत्रे ‘आखाती कामगारांची चांदी’ असे मथळे देतात. उलटा फेरा आला २००७ मध्ये. डॉलर दुबळा झाला आणि वर्षारंभी बारा रुपयांचा असलेला दिरहम नोव्हेंबरात पावणेअकराच्या आसपास आला. ८०० दिरहम मिळवणाऱ्याच्या घरी दरमहा हजारभर रुपये कमी पोहोचू लागले; दुबईत महागाई दोन आकडी झाली होती ती वेगळीच. संपाला बंदी असतानाही बांधकाम मजुरांनी तिथे संप केले.

चांदीची ही कल्पना तपासून पाहण्यासाठी साधा हिशेब पुरतो. १९९० मध्ये ६०० दिरहम म्हणजे सुमारे २,८५० रुपये. २०२४ मध्ये तेच ६०० दिरहम म्हणजे सुमारे १३,६५० रुपये. आकडा पावणेपाच पट झाला. याच काळात औद्योगिक कामगारांचा ग्राहक मूल्य निर्देशांक नऊ ते दहा पट वाढला. १९९० ची क्रयशक्ती टिकवायची तर घरी सत्तावीस हजार रुपये, म्हणजे सुमारे १,२०० दिरहम यायला हवेत. दिरहममधला पगार दुप्पट झाला तरच कामगार होता तिथे राहतो. ज्याचा झाला नाही, तो रुपयांचा वाढलेला आकडा पाहत निम्म्यावर आलेला असतो.

घसरत्या रुपयाचा लाभ मालकाला मिळतो. दिरहममधला पगार न वाढवताही रुपयांतला आकडा फुगत राहतो आणि गावातल्या नव्या मुलाला तोच पुरेसा वाटतो. शिवाय तो निघतो कर्ज काढून. भरती एजंटाने ३०,००० रुपये अधिक कर याहून जास्त घेऊ नये असा नियम आहे. प्रत्यक्षात त्याच्या कित्येक पट रकमा मोजल्या जातात. कर्जाचे व्याज गावच्या दराने चढत असते, म्हणून पहिला करार जवळजवळ सावकारासाठीच राबावा लागतो.

अमिरातींत परदेशी कामगारांना किमान वेतनाचे कायदेशीर संरक्षण नाही. भारत सरकार मात्र तिकडे नोकरीला जाण्याची परवानगी देताना किमान वेतनाची अट घालते. सप्टेंबर २०२० मध्ये, साथीत नोकऱ्या टिकाव्यात या कारणाने, ती रक्कम तीस ते पन्नास टक्क्यांनी उतरवली गेली. अमिरातींसाठी २०० डॉलर. टीका झाल्यावर जुलै २०२१ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला. एका परिपत्रकाने जे कमी करता येते, ते तसेच वाढवताही येते. डॉलरमधली ही अट दर दोन वर्षांनी भारतातल्या महागाई निर्देशांकाशी आणि त्या वेळच्या विनिमय दराशी ताडून नव्याने ठरवली जावी. पगाराची सौदेबाजी करण्याची ताकद नसलेल्या कामगारासाठी सरकारच्या हाती असलेला तो सर्वांत सोपा उपाय आहे.