साठ मीटरनंतर

उसेन बोल्टने १६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिनमध्ये शंभर मीटर ९.५८ सेकंदांत पार केले, तेव्हा त्या धावेची दर वीस मीटरची मोजणी झाली होती. पहिल्या वीस मीटरना २.८९ सेकंद लागले. बंदुकीचा आवाज ऐकून अंग हलेपर्यंतचा वेळही त्यात आला. पुढच्या वीसना १.७५, मग १.६७, मग १.६१. आणि शेवटच्या वीसना १.६६. म्हणजे शंभर मीटरचा जो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही, तो करणारा माणूस शेवटची रेषा ओलांडताना मंदावत होता.

यात बोल्टचं काही चुकलं असं नाही. जीव तोडून शंभर मीटर धावणारा प्रत्येक जण शेवटी मंदावतो. चांगला धावपटू पन्नास ते सत्तर मीटरच्या दरम्यान कुठेतरी आपला सर्वोच्च वेग गाठतो, जरा अंतर तो टिकवतो, आणि मग वेग ओसरायला लागतो. नवख्याचा तो त्याच्याही आधी ओसरतो. टीव्हीवर आपल्याला मात्र वेगळंच दिसतं. शेवटच्या तीस मीटरमध्ये कुणीतरी मागून येतो, दोघातिघांना टाकून पुढे जातो, आणि समालोचक ओरडतो की त्याने वेग वाढवला. स्टेशनात शेजारची गाडी मागे सरकली की आपलीच गाडी निघाल्यासारखी वाटते, तसला हा भास. तोही मंदावतच असतो. बाकीचे त्याच्याहून जास्त मंदावलेले असतात, एवढंच. १९९१च्या टोकियोतल्या जागतिक स्पर्धेत कार्ल लुईस अर्ध्या अंतरापर्यंत मागेच होता. त्या शर्यतीत सहा जण दहा सेकंदांच्या आत आले आणि लुईस ९.८६ असा विश्वविक्रम करून जिंकला. ती धाव पुन्हा बघावी, आणि या वेळी लुईसकडे न बघता त्याच्या शेजारच्यांकडे बघावं.

हे मंदावणं येतं कुठून? दमण्यातून म्हणावं, तर दहा सेकंदांत छाती भरून येईल असं दमायला वेळच नसतो. स्नायूंना ताबडतोब मिळणारी ऊर्जा फॉस्फोक्रिएटिनच्या साठ्यातून येते, आणि तो साठा पूर्ण जोराच्या कामाला काही सेकंदच पुरतो. दुसरं कारण मज्जासंस्थेचं. कमाल वेगात धावताना प्रत्येक पाऊल जमिनीवर सेकंदाच्या दहाव्या भागाएवढंच, किंवा त्याहूनही कमी, टेकतं. तेवढ्या अवधीत वजनाच्या कित्येक पट जोर जमिनीत उतरवायचा, एक स्नायू आखडायचा आणि त्याच्या विरुद्धचा सोडायचा, आणि लगेच उलट करायचं. ही सोडबांध थोडी जरी चुकली तरी तळपाय जमिनीवर किंचित जास्त रेंगाळतो. वेग गळतो तो तिथे.

म्हणून गंमत अशी होते, की शेवटच्या टप्प्यात ज्याने जास्त जोर लावला तोच जास्त मागे पडतो. दात आवळले, खांदे वर गेले, मान ताठली, की सुटायला हवेत ते स्नायूही आवळून बसतात. कॅलिफोर्नियाच्या सॅन होजे स्टेटचे प्रशिक्षक बड विंटर यांनी हे फार आधी ओळखलं होतं. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांना अंग सैल सोडायला शिकवलं होतं, आणि तीच विद्या त्यांनी ट्रॅकवर आणली: जबडा लोंबू द्या, हात सैल ठेवा. टॉमी स्मिथ, जॉन कार्लोस, ली इव्हान्स त्यांच्याच हाताखाली तयार झाले. संथ गतीत एखाद्या मोठ्या स्प्रिंटरचे गाल डुलताना दिसतात ना, ते शिकवून आलेलं असतं.

इथवरची गोष्ट दहा सेकंदांची. आता हाच आलेख वर्षांवर मांडून पाहू. बोल्टने ९.५८ केले तेव्हा त्याचा तेविसावा वाढदिवस पाच दिवसांवर होता. २०१२च्या लंडनला तो ९.६३मध्ये जिंकला, २०१६च्या रिओला ९.८१मध्ये. २०१७मध्ये लंडनच्याच जागतिक स्पर्धेत ९.९५ आले आणि वाट्याला कांस्य आलं. म्हणजे तेवीसनंतरची सगळी कारकीर्द उताराची, आणि तरीही त्या उतारावर त्याने ऑलिंपिकची सुवर्णं घेतली. स्प्रिंटरची चढण विशीच्या मधल्या वर्षांतच बहुधा संपते. पुढे काय करायचं, याची दोन उत्तरं आहेत. एक फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनरचं: १९८८मध्ये १०.४९ आणि २१.३४ असे दोन विश्वविक्रम केले आणि १९८९च्या सुरुवातीला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ट्रॅक सोडला. दुसरं मर्लिन ओटीचं.

ओटी जमैकाच्या हॅनोव्हर परगण्यात १९६०मध्ये जन्मली. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकला ती वीस वर्षांची होती आणि दोनशे मीटरमध्ये तिला कांस्य मिळालं. इंग्रजी बोलणाऱ्या कॅरिबियन बेटांवरच्या बाईला मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. तिथे सुवर्ण पूर्व जर्मनीच्या बेर्बेल व्योकेलचं होतं. १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये शंभर आणि दोनशे, दोन्हींत कांस्य. पुढे एव्हलिन अ‍ॅशफर्ड आणि व्हॅलरी ब्रिस्को-हुक्स. सोलला दोनशेत २१.९९ धावूनही चौथी. सुवर्ण ग्रिफिथ जॉयनरचं. १९९२ला बार्सिलोनात दोनशेचं पुन्हा कांस्य, सुवर्ण ग्वेन टॉरेन्सचं. १९९६ला अटलांटात शंभर आणि दोनशेची रौप्यपदकं, सुवर्णं गेल डेव्हर्स आणि मारी-जोझे पेरेकची. सुवर्ण नेणाऱ्यांची नावं जवळजवळ दर खेपेला बदलत राहतात. खालचं एक नाव सोळा वर्षं तेच आहे.

लोक तिला कांस्यराणी म्हणायचे, जरा चिडवूनच. सात ऑलिंपिक, नऊ पदकं, सुवर्ण एकही नाही, हा तिचा हिशेब सगळीकडे दुर्दैवाच्या खात्यात मांडलेला दिसतो. मला तो अर्धवट वाटतो. शंभर मीटरच्या अंतिम फेरीत बार्सिलोनाला पहिल्या पाच जणी सहा शतांश सेकंदांत आल्या, १०.८२ ते १०.८८, ओटी त्यांतली पाचवी. स्टुटगार्टला १९९३च्या जागतिक स्पर्धेत तिची आणि डेव्हर्सची वेळ शतांशापर्यंत वेगळीच करता येईना, आणि सहस्रांशाने निकाल डेव्हर्सकडे गेला. डेव्हर्स सुरुवातीला झपाट्याने सुटायची, त्याच वर्षी ती साठ मीटरची इनडोअर विश्वविजेती झाली होती. ओटी मागून आली आणि रेषेवर तिच्या बरोबरीला पोचली. अटलांटालाही दोघींच्या नावापुढे १०.९४च लागले आणि फोटोने निवाडा केला. इतक्या बारीक फरकात नशीब असतंच. पण सहस्रांशाने हरायला तिथे, त्या रेषेवर, तेहेतिसाव्या आणि छत्तिसाव्या वर्षी असावं लागतं. स्टुटगार्टला त्याच आठवड्यात तिने दोनशेचं जागतिक सुवर्ण घेतलं.

आता खरे आकडे. शंभर मीटरची तिची आयुष्यातली सर्वोत्तम वेळ १०.७४, मिलानमध्ये १९९६ साली, वय छत्तीस. २०००मध्ये, चाळिसाव्या वर्षी, १०.९९. २००६मध्ये, शेहेचाळिसाव्या वर्षी, ११.३४. २०१०मध्ये, पन्नासाव्या वर्षी, ११.६७. प्रत्येक वेळ त्या त्या वयोगटात तेव्हाचा विश्वविक्रम. चौदा वर्षांत तिने ९३ शतांश गमावले. वर्षाला सात शतांशांहूनही कमी. आपल्याकडे अजूनही हळहळ होते ती पी. टी. उषाचं कांस्य हुकवणाऱ्या त्या एका शतांशाची, १९८४च्या लॉस एंजेलिसची. त्या मापाने बघितलं तर वर्षाला सात शतांश ही मोठी हानी वाटेल. पण चाळिशीनंतरच्या शरीराकडून एवढीच हानी होऊ देणं, हे मला तिच्या कुठल्याही पदकापेक्षा अवघड काम वाटतं.

कारण वय जे करतं त्याचं शर्यतीच्या अखेरच्या वीस मीटरशी नातं आहे. तंतोतंत तेच घडतं असं नाही. शर्यतीच्या शेवटी पावलं सेकंदाला कमी पडू लागतात. वयाने मात्र पावलांची गती फारशी घटत नाही, प्रत्येक पाऊल आखूड होतं. झटक्याने आखडणारे स्नायुतंतू बारीक आणि कमी होत जातात, जमिनीत उतरणारा जोर घटतो. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: तळपाय जमिनीवर जरा जास्त वेळ राहतो. म्हणजे पस्तिशीनंतर स्प्रिंटर तेच युद्ध लढत असतो जे प्रत्येक शर्यतीत साठ मीटरनंतर लढत आलेला आहे. तेही निव्वळ जोर लावून जिंकता येत नाही.

या चिकाटीची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. १९९९मध्ये नँड्रोलोन या उत्तेजकाच्या चाचणीत ओटीचा नमुना पॉझिटिव्ह आला. जमैकाच्या संघटनेने तिला निर्दोष म्हटलं, आंतरराष्ट्रीय संघटनेने बंदी घातली, आणि २०००च्या उन्हाळ्यात लवादाने ती बंदी उठवली. ज्या काळात ती धावली त्या काळावर संशयाची सावली आहे; १९९१ला टोकियोत तिला मागे टाकणारी कात्रिन क्राबे पुढच्याच वर्षी निलंबित झाली. पण निकाल ओटीच्या बाजूने लागलेला आहे, आणि मी तो तसाच घेतो.

सिडनीचा प्रसंग मला जास्त अस्वस्थ करतो. राष्ट्रीय चाचणीत ओटी चौथी आली होती. तरी जमैकाने राष्ट्रीय विजेती पीटा-गे डाऊडीला बाजूला करून शंभर मीटरमध्ये तिला उतरवलं. ऑलिंपिक ग्राममध्ये जमैकाच्याच खेळाडूंनी निदर्शनं केली. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं: कुणी उतारावर इतका वेळ टिकून राहतं, तेव्हा चढणीवरच्या कुणाची तरी जागा अडते. ओटी धावली, ११.१९मध्ये चौथी आली, कांस्य ११.१८ला गेलं. २००७मध्ये त्या शर्यतीत पहिल्या आलेल्या मॅरियन जोन्सने उत्तेजक घेतल्याची कबुली दिली, तिचं सुवर्ण काढून घेतलं गेलं, आणि ओटीला ते कांस्य मिळालं. डाऊडी धावली असती तर काय झालं असतं, याचं उत्तर कुठल्याच फोटो फिनिशमध्ये नाही. त्याच स्पर्धेतल्या रिलेत जमैकाला रौप्य मिळालं. त्या चौघींत चाळीस वर्षांच्या ओटीबरोबर अठरा वर्षांची व्हेरोनिका कॅम्पबेल होती, जिचा जन्म ओटीच्या पहिल्या ऑलिंपिक पदकानंतर दोन वर्षांनी झालेला. चार वर्षांनी अथेन्समध्ये दोनशेचं सुवर्ण घेऊन कॅम्पबेलने जमैकाच्या बायकांसाठी स्प्रिंटच्या सुवर्णाचं दार उघडलं.

त्याच अथेन्समध्ये ओटीही होती, पण स्लोव्हेनियाच्या पोशाखात. ती ल्युब्लियानाला राहायला गेली होती आणि २००२मध्ये तिला तिथलं नागरिकत्व मिळालं. चव्वेचाळिसाव्या वर्षी ती शंभरच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचली. दोनशेच्या उपांत्य फेरीत दुखापतीने शर्यत अर्धवट सुटली. २००८च्या बीजिंगची पात्रता २८ शतांशांनी हुकली. २०१०मध्ये युरोपीय स्पर्धा बार्सिलोनाच्या ज्या स्टेडियममध्ये झाली, तिथेच अठरा वर्षांपूर्वी सहा शतांशांनी तिचं सुवर्ण गेलं होतं. या खेपेला ती रिलेच्या शेवटच्या टप्प्यावर होती. त्या टप्प्यावरच्या धावपटूला ब्लॉकमधून सुटायचं नसतं. आधी धावत सुटायचं आणि बॅटन वेगातच हातात घ्यायचा. वेगात येण्याचा सगळ्यात खर्चीक भाग तिथे बऱ्याच अंशी वाचतो, आणि उरतं ते टिकवण्याचं काम. स्लोव्हेनियाचा संघ अंतिम फेरीत गेला नाही. दोन वर्षांनी हेलसिंकीच्या युरोपीय स्पर्धेत ओटी पुन्हा स्लोव्हेनियाच्या रिलेत धावली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी.