सडा आणि खराटा

गेलेल्या माणसाची आठवण म्हणून त्याच्या आवडत्या फुलांचे फोटो काढणं आता इतकं सर्रास झालंय, की त्यात काही प्रश्न असेल असं कुणाला वाटत नाही. मला वाटतो. फोटो फुलाचा आणि आठवण माणसाची, या व्यवहारात त्या माणसाचं नेमकं काय उरतं?

नागपुरात धरमपेठेत माझ्या आत्याचं घर, फाटकाशी पारिजातक. आत्या जाऊन पाच वर्षं झाली. तेव्हापासून माझा आतेभाऊ दर भाद्रपद-आश्विनात पहाटे उठून सड्याचे फोटो काढतो आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. आम्ही सगळे खाली हात जोडतो. वहिनी तेवढी काही टाकत नाही. एकदा विचारलं, तर म्हणाली, "तो सडा मी सत्तावीस वर्षं झाडला. मला त्यात आई नाही दिसत, खराटा दिसतो."

आत्या आम्हा भाचरांवर जीव टाकायची आणि सुनेला टोचून बोलायची. दोन्ही खरं आहे. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतही तिच्या कपाळावरची आठी दिसते. फुलाला आठी नसते, स्वभाव नसतो, म्हणूनच आपण ते निवडत असू. पुराणातसुद्धा पारिजातक सत्यभामेच्या अंगणात आणि फुलं रुक्मिणीच्या. आमच्याकडे सडा एकीचा, खराटा दुसरीचा.

इंग्लंडमधल्या अ‍ॅना अ‍ॅटकिन्सची गोष्ट मला इथे महत्त्वाची वाटते. समुद्रशैवालांच्या छायाचित्रांचं तिचं पुस्तक 1843 पासून भागाभागाने निघालं. छायाचित्रं असलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. कॅमेरा नव्हताच. रसायन लावलेल्या कागदावर वनस्पती ठेवायची, कागद उन्हात धरायचा, मग पाण्यात धुवायचा. भोवतालचा कागद गर्द निळा होई, वनस्पतीची जागा पांढरी राही. आई लहानपणीच गेलेली. विज्ञानाची गोडी वडिलांनी लावली. 1852 च्या सुरुवातीला तेही गेले. त्या उन्हाळ्यात अ‍ॅन डिक्सन ही बालमैत्रीण तिच्याकडे राहायला आली आणि दोघी नेच्यांची चित्रं करू लागल्या. त्या चित्रांखाली वनस्पतीचं नाव आहे, वडिलांचं नाही. वडिलांवर तिने वेगळं चरित्र लिहिलं, 1853 साली खाजगीरीत्या छापलं. नेचा नेच्याच्या जागी, बाप बापाच्या जागी. दुःखात हात गुंतवायला पानं-फुलं लागतात, हे तिलाही ठाऊक असणार. पण माणसाबद्दल सांगायचं ते तिने शब्दांत सांगितलं.

आपल्या पितृपक्षातही हीच शिस्त दिसते. माका लागतो, पांढरी फुलं लागतात, पण नाव आणि गोत्र उच्चारल्याशिवाय पिंड कुणाचाच होत नाही. नुसतं फूल वाहून भागत नाही.

आतेभावाचं म्हणणं, मुलाने आईची आठवण कशी काढावी हे दुसऱ्याने का ठरवावं? मुद्दा बिनतोड आहे. शोक म्हणजे साक्ष नव्हे. त्यात सगळं खरं सांगायची सक्ती नसते. त्याच्या फोनमध्ये हजार फुलं असली तरी कुणाचं काही बिघडत नाही. पण ग्रुपवर 'आईची आठवण' असं लिहून फोटो टाकला, की ती एकट्याची आठवण राहत नाही, सगळ्यांची मान्यता मागते. हात जोडणाऱ्या आम्हा सगळ्यांना ती फुकटात देता येते, कारण आम्ही दिवाळी-उन्हाळ्याचे पाहुणे. वहिनीला ती देण्यासाठी सत्तावीस वर्षं गिळावी लागतात. मेलेल्यांविषयी वाईट बोलू नये हा संकेत मला मान्य आहे, पण त्याची किंमत दर वेळी घरातली एकच बाई मोजत असेल तर तो संकेत तपासायला हवा. तिने गप्प राहणं मला तरी उद्धटपणा वाटत नाही.

यंदा ते घर बिल्डरला द्यायचं चाललंय. झाड जाणारच. आतेभाऊ त्यावरून हळवा झाला, तेव्हा जेवणं वाढता वाढता वहिनीने सांगितलं, की मागच्या पावसाळ्यात तिने बी रुजवून रोप केलंय, गच्चीवर कुंडीत आहे.